ओढ्याचा आकडा एक झाला त्याची हकीकत

खरं एकच असतं असं जो म्हणतो, त्यानं ते तीन ठिकाणी मोजून पाहिलेलं नसतं. आमच्या गावानं पाहिलं आहे. आमच्या ओढ्याचं पाणी तीन प्रयोगशाळांत गेलं आणि तीन तऱ्हेचं होऊन परत आलं. त्या तिन्ही तऱ्हांचा मेळ कसा बसला, कोणत्या समितीनं बसवला आणि त्यात आमच्या मालकांच्या धोतराचं फडकं तालुकाभर कसं गाजलं, ते मी लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण दुसरीपर्यंत झालं, कारण तिसरीचं वर्ष लग्नात गेलं. पण समितीचे कागद वाचायला दुसरी पुरते. शब्द मोठे असतात, पण तेच तेच असतात.

आधी ओढा कुठं आहे ते सांगते. जालन्याहून काळी-पिवळीनं आमच्या फाट्यावर उतरलं की डाव्या हाताला बाभळी दिसतात, त्यांच्या मागं तो वाहतो. म्हणजे पावसाळ्यात वाहतो, पुढं संक्रांतीपर्यंत रांगतो आणि मंग पडून राहतो. दोन्ही अंगांना कपाशी, तूर आणि मोसंबीच्या बागा. काठाला नळयोजनेची विहीर. तिचा कठडा पडलेला आहे, आणि जिकडं ओढा आहे नेमका तिकडूनच पडलेला आहे. त्यामुळे पाणी चढलं की ओढा विहिरीत उतरतो, पंपानं टाकीत चढतो आणि नळानं आमच्या घरी येतो. पूर्वी आम्हाला ओढ्यापर्यंत चालत जावं लागायचं. आता तो येतो. याला विकास म्हणतात आणि मी त्याच्या बाजूची आहे.

पिकावर जे फवारतात त्याला आम्ही औषध म्हणतो, समिती कीटकनाशक अवशेष म्हणते. औषध ओढ्यात गेलं कसं, हे समितीनं कधी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. (फवारणीचा पंप धुवायला ओढ्याइतकी सोयीची जागा नाही. माझा मुलगा संपतही तिथंच धुतो. घरी धुतला तर मी रागावते, अंगणात वास राहतो.)

मोजायचं खूळ निघालं ते माझ्या सुनेमुळं. तृप्तीला दिवस गेले, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता. तिनं खरं सांगितलं. (शिकलेल्या मुलींना ही खोड असते.) बाई म्हणाल्या, फवारणीच्या दिवसांत ते पाणी हिला देऊ नका, दुसरं बघा. पहिल्या खेपेला तृप्तीचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. त्याचा पाण्याशी संबंध आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही. नाही असंही कोणी केलेलं नाही.

दुसरं पाणी म्हणजे आमच्या गावात दोनच मार्ग. एक सरकारी टँकर. दुसरा झुंबरबाईची बोअर.

झुंबरबाई माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. सासूबाईंचा तांब्याचा हंडा वाटणीत तिनं नेला. तो माझा होता. तिच्या दारात घागर घेऊन जायचं म्हणजे हंडा तिचाच होता असं चारचौघांत कबूल करायचं. तेव्हा टँकर.

टँकर मिळायला पाणी वाईट असावं लागतं. नुसतं वाईट असून भागत नाही, वाईट असल्याचं सरकारला कळावं लागतं. सरपंच भागवतनं अर्ज केला आणि तालुक्याहून हरिओम साहेब नमुना न्यायला आले. वयानं लहान, बोलायला गोड, पायात पांढरे बूट. आदल्या दिवशी पाऊस झाल्ता. साहेबांनी ओढ्याकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं आणि आमच्या ओसरीवर बसले. बाटली माझ्या हातात दिली. "मावशी, तेवढं भरून आणता का?"

मी आणलं. त्याचं पुढं काय झालं ते पुढं येईलच.

दुसऱ्या प्रयोगशाळेची माणसं आठवड्यानं आली, त्यांनी काठावरून बाटली बुडवून नेली. तिसरीच्या एक मॅडम आल्या. त्या पायजमा वर खोचून ओढ्यात उतरल्या, बाटली भरली आणि आमच्या घरचं पाणी न पिता निघूनही गेल्या. गावात त्यांचं नाव चांगलं झालं नाही. (प्रयोगशाळांची नावं मी लिहीत नाही. नावं लांब आहेत.)

निकाल आले. पहिली म्हणाली, आढळले नाही. दुसरी म्हणाली, आढळले, पण मर्यादेच्या निम्मंच आहे, काळजी नको. तिसरी म्हणाली, मर्यादेच्या सहापट आहे, आणि खाली ओळ मारून लिहिलं, तातडीने.

आता साधं माणूस म्हणेल की सहापट निघालं तर टँकर पाठवा. पण साधं माणूस सरकार चालवत नाही. तीन कागद तीन गोष्टी सांगत असतील तर त्याला प्रदूषण म्हणत नाहीत, तफावत म्हणतात. प्रदूषणाला टँकर लागतो. तफावतीला समिती लागते. म्हणून ओढा जलगुणवत्ता पद्धतभिन्नता समन्वय समिती स्थापन झाली. तिच्यात एक स्थानिक महिला प्रतिनिधी हवी होती. सरपंचाची बायको लग्नाला गेल्ती, म्हणून मी.

समितीचं काम मी जवळून पाहिलं आणि सांगते, इतक्या सबुरीनं काम करणारी माणसं मी बघितली नाहीत. पहिली पूर्ण बैठक एकाच प्रश्नावर गेली. आढळले नाही म्हणजे किती? हरिओम साहेबांचं म्हणणं, शून्य धरावं. तिसऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, शून्य नव्हे, पहिलीच्या यंत्राला तेवढं बारीक दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मला पटलं. मी म्हणाले, "साहेब, माझी बुगडी बाजारात पडल्ती. लई शोधली, सापडली न्हाई. म्हणून मंग ती माझ्या कानात नव्हतीच काय?"

"मावशी, बुगडीचा विषय वेगळा."

"वेगळा कसा? सोन्याची व्हती."

साहेबांनी इतिवृत्तात लिहून घेतलं, की स्थानिक महिला प्रतिनिधींनी दागिन्यांबाबत मत मांडले. शून्य मंजूर झालं.

दुसऱ्या बैठकीत सरासरी काढली. शून्य, निम्मं आणि सहापट, तिघांची मिळून दुपटीच्या वर गेली. दुपटीला टँकर द्यावा लागतो. तेव्हा सरासरीचं एक नवं शास्त्र मला कळलं. सरासरी काढायच्या आधी जो फार जास्त येतो त्याला बाहेर बसवायचं, की उरलेल्यांचं बराबर जमतं. (आमच्या घरच्या वाटणीतही हेच झाल्तं. बाहेर मी बसले होते.) तिसरीला बाहेर बसवल्यावर सरासरी मर्यादेच्या पाव हिश्शावर आली आणि ओढा पास झाला. पण मॅडमनी हरकत घेतली. हरकत लेखी होती आणि तीन पानं होती, त्यामुळे ती वाचावी लागली.

तिसऱ्या बैठकीत भागवतनं तडजोड सुचवली. सम तारखेला पाणी पहिल्या प्रयोगशाळेप्रमाणं शुद्ध मानू, विषम तारखेला तिसरीप्रमाणं अशुद्ध. टँकर एकाआड एक दिवस. कोणाचंच मन दुखत नाही. मला वाटतं, हा देश अशाच माणसांवर उभा आहे. पण साहेब म्हणाले, टँकर रोज येणं किंवा कधीच न येणं या दोनच पद्धती शासनमान्य आहेत.

इकडं तृप्तीला चौथा महिना लागला. नळ सुटला की हंड्याजवळ उभी राहायची, पाण्याकडं बघायची आणि अर्धाच पेला प्यायची. संपत गावातून विकतच्या पाण्याच्या बाटल्या आणायचा, त्या ती पुरवून पुरवून वापरायची. उन्हाचे दिवस नव्हते, तरी तिचे ओठ सुकलेले असायचे. मी मनात म्हणाले, कौसल्ये, आता बोल. टँकर यायचा तर तुझ्या बोलण्यानंच येईल.

चौथ्या बैठकीत मी उभी राहिले. "साहेब, पहिलं पाणी मी गाळून दिल्तं."

हरिओम साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कशानं गाळलं, मावशी?"

"फडक्यानं. आमच्या मालकांचं जुनं धोतर हाय, कडूबांचं. मऊ झालंय. चार पदर केले, वरून तुरटी फिरवली, निवळू दिलं आणि मंग बाटली भरली."

"पण का?"

"का म्हणजे? तुम्ही आमच्या ओसरीवर बसले व्हते. पाहुण्याच्या हातात गढूळ पाणी देत असतेत का कोणी?"

मॅडम पुढं झाल्या. "मावशी, म्हणजे घरी तुम्ही असंच गाळून पिता?"

"घरी कशाला? घरचे काय पाहुणे हायेत? नळ आल्यापासून गावात कोणी गाळत न्हाई. ते फडकं मी पाहुण्यापुरतं काढते."

मी खाली बसले. मला वाटलं, झालं. पहिला निकाल खोटा पडला, आता पहिली बाहेर आणि तिसरी आत, उद्या टँकर. तृप्तीला जाऊन काय सांगायचं तेही मी ठरवून टाकलं.

हरिओम साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तर जास्त होईल, पण तसलंच काहीतरी होतं. ते म्हणाले, "मावशी, चार बैठका आम्ही डोकं फोडून राह्यलो, आणि उत्तर तुमच्याकडं व्हतं."

मंग त्यांनी फळ्यावर मांडलं. पहिलीला फडक्यानं गाळलेलं पाणी मिळालं. दुसरीनं आपल्याकडच्या कागदातून गाळलं. तिसरीनं गाळलंच नाही, वर ओढ्यात उतरून गाळ उठवला. औषध गाळाला चिकटून बसतं. म्हणजे तफावत पाण्यात नाही, गाळण्यात आहे. सगळ्यांचं गाळणं एक केलं की सगळ्यांचा आकडा एक होईल.

इतकं स्वच्छ कोणी सांगितलं की माझ्या मनात शंका येते. मी विचारलं, "साहेब, तिघींनी न गाळता मोजलं तरी आकडा एकच यील की. गाव तर तेच पितं."

"यील ना, मावशी. पण तो आकडा कोणाला पाहिजे?"

यावर मॅडम सोडून सगळ्यांनी माना हलवल्या. ठराव झाला तो मी उतरवून घेतला आहे. यापुढे पाण्याचा प्रत्येक नमुना स्थानिक ज्येष्ठ महिलेच्या हस्ते, धुतलेल्या सुती फडक्याच्या चार पदरांतून, पाहुण्यास पाणी देतात त्या भावनेने गाळून घेण्यात यावा. (त्या भावनेने हे शब्द भागवतनं घातले. तो पूर्वी भाषणं लिहायचा.)

त्याप्रमाणं मी तीन बाटल्या गाळून दिल्या. पहिली म्हणाली, आढळले नाही. दुसरी म्हणाली, आढळले नाही. तिसरी म्हणाली, किंचित आढळले, मर्यादेत. मॅडमनी खाली पुन्हा काहीतरी बारीक लिहिलं होतं, की जे औषध पाण्यात विरघळतं ते कोणत्याच फडक्याला जुमानत नाही, आणि गाव गाळून पीत नसल्याने वगैरे. पण ते बारीक होतं. मेळ बसला. समिती विसर्जित झाली. टँकरचा अर्ज गरज उरली नसल्यामुळे निकाली निघाला.

माझा सत्कार झाला. शाल मिळाली, जरा विरळ आहे, दुसऱ्या फडक्याला होईल. आमची पद्धत तालुक्यात लागू झाली आणि सतरा ओढ्यांपैकी सोळा त्याच पावसाळ्यात शुद्ध झाले. सतराव्या गावात फडकं नायलॉनचं निघालं, त्यांच्यावर कारवाई चालू आहे. तीन गावांच्या बायका माझ्याकडं शिकायला येऊन गेल्या. मी त्यांना पदर कसे घालायचे ते दाखवलं. भावना मात्र ज्याच्या त्याच्या घरची असते.

सत्काराच्या संध्याकाळी तृप्तीनं दोरीवरून फडकं काढलं. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. "आत्या, हे जरा बघा."

"काय बघू? धुतलंय मी."

"धुतलंय, तरी पिवळं हाय. वास घ्या."

घेतला. संपतच्या पंपाचा वास होता.

"पाणी चांगलं निघालं," ती म्हणाली, "तर मंग वाईट व्हतं ते कुठं गेलं, आत्या?"

ती अडाणी असती तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं, पण ही बीए झालेली आहे. आम्ही फडकं पिशवीत घालून मॅडमकडं पाठवलं. त्यांनी फोन करून सांगितलं की फडकं मोजायची पद्धत त्यांच्याकडं नाही, पाणी असेल तर पाठवा. हरिओम साहेबांना विचारलं. ते म्हणाले, फडक्यात जे सापडेल ते फडक्याचं. ओढा त्याला जबाबदार नाही, आणि फडकं खाजगी मालमत्ता आहे. हे ऐकून संपतनं मात्र तेव्हाच पंप धुवायची जागा बदलली. आता तो ओढ्याच्या खालच्या अंगाला धुतो. खाली दुसरं गाव आहे. त्यांची समिती वेगळी.

आता हंड्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेतली, पदर डोक्यावरून घेतला आणि झुंबरबाईच्या दारात गेले. सगळी गल्ली बघत होती. बघणारच. मी असते तर मीही बघितलं असतं.

झुंबरबाई तुळशीजवळ उभी होती. तिनं मला बघितलं, घागर बघितली आणि मोटारीचं बटण दाबलं. मंग आत गेली आणि सासूबाईंचा तांब्याचा हंडा बाहेर आणला. घासून लख्ख केलेला. माझ्या घरी तो इतका लख्ख राहिला नसता, हे मी फक्त इथं लिहिते आहे. हंडा भरत आला तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सत्कार झाला म्हणं."

"झाला."

"मोठी माणसं तुम्ही. गाळून देऊ का, बाई?"

गल्ली ऐकत होती.

मी म्हणाले, "नको. मी काय पाहुणी हाय?"

हंडा तिनंच उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि रिकामी घागर घेऊन माझ्या मागं आमच्या दारापर्यंत आली. समितीनं चार बैठकांत जो मेळ बसवला त्याची मी मनापासून तारीफ केली आहे, पण त्याला एवढा वेळ लागायला नको होता. तृप्तीनं त्या दिवशी दोन पेले पाणी उभ्या उभ्या प्यायलं. सातव्या महिन्यात ती कुंभार पिंपळगावला माहेरी गेली. तिथल्या ओढ्याचं पाणी अजून कोणी मोजलेलं नाही, त्यामुळे ते शुद्ध आहे. झुंबरबाईच्या बोअरचंही कोणी मोजलेलं नाही. परवा हरिओम साहेब बाटली घेऊन आल्ते. आम्ही दोघी जावा दारात उभ्या राहिलो. साहेब चहा पिऊन गेले.

मुलगी झाली. पावणेतीन किलो. माझं नाक आहे.

आता कोणी म्हणेल की मंग ओढ्याच्या पाण्याचं तुम्ही करता काय. ते वाया जात नाही. माझी ओढ्याकडेला अर्धा एकर भाजी आहे, मेथी आणि कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी पहाटे जुड्या बांधायच्या, ओढ्यात दोनदा बुडवायच्या आणि झटकून टोपलीत लावायच्या. पानं अशी तरारतात की बघत राहावं. ओढ्याचं प्रकरण मिटल्यावर एकदा मी जुड्या न बुडवता जालन्यात मस्तगडच्या बाजारात नेल्या. बोअरचं पाणी प्यायला मिळतं, भाजीला कोण देतं? दुपारपर्यंत बसले. एक ताई आल्या, गळ्यात चष्म्याची साखळी. जुडी उचलली, मातीचा वास घेतला आणि खाली ठेवली. "मावशी, ही शिळी दिसते. धुतलेली नाही का?" आणि शेजारणीकडची घेतली. शेजारीणही आमच्याच ओढ्याची आहे. तेव्हापासून मी पुन्हा बुडवते. गिऱ्हाइकाच्या पुढं समितीचं चालत नाही, तर माझं काय चालणार.

आमच्या ओढ्याचा खरा आकडा किती, असं मला अजून लोक विचारतात. मी सांगते, तिन्ही पद्धती चुकीच्या होत्या, चौथी चालू आहे. तिच्यात फडकं नाही, कागद नाही, गाळणं बिलकुल नाही, आणि निकाल यायला वर्षं लागतात. पण तिचं यंत्र फार शहाणं आहे. ते बाजाराच्या दिवशी कापडी पिशवी घेऊन आपल्या पायानं येतं, वर्तमानपत्र वाचतं, पुस्तकं वाचतं, असल्या हकीकती वाचून हसतंसुद्धा. माझ्या टोपलीसमोर वाकतं, सगळ्यांत जास्त चमकणारी जुडी निवडतं आणि मला विचारतं, ताजी आहे ना?

मी म्हणते, आत्ताच धुतली.